दाजी माणूस असल्याबाबत

जळगाव,
बुद्धपौर्णिमेच्या अलीकडचा रविवार

ती. मंदाअक्का हिस,
धाकट्या भावाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही ठीक आहोत. ऊन असं आहे की ठीक असण्यापलीकडे काही करण्याची ताकद उरत नाही. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? (मागच्या खेपेला फोनवर हेच विचारलं तेव्हा तू "तुझा आवाज ऐकेपर्यंत बरं होतं" असं म्हणून फोन ठेवलास, आणि त्यानंतर उचललेला नाहीस. म्हणून कागदावर विचारतो आहे. कागद ठेवून देता येतो, पण तोवर निदान चार ओळी वाचून होतात.) दाजींचा गुडघा कसा आहे? तेल चोळतात का? गच्चीवरच्या कुंड्यांना या उन्हात दोनदा पाणी घालतेस ना? साक्षी तुझी आठवण काढते. मीही काढतो, पण सध्या मी काढलेली आठवण तुला आवडणार नाही, याची कल्पना आहे.

दाजींनी तुला पारोळ्याची हकीकत सांगितलीच आहे. ते सज्जन असल्यामुळे त्यांनी मला सांभाळून घेत सांगितली असणार. म्हणून माझी बाजू मी स्वतः कळवतो. ती त्याहून वाईट आहे.

आधी 'खटका' म्हणजे काय ते सांगतो, कारण तू फोनवर त्याला तीनदा 'तुमचा तो जुगाराचा अड्डा' म्हणालीस. खटका ही इंटरनेटवरची एक जागा आहे. तिथे लोक विजेच्या वस्तूंबद्दल मराठीत प्रश्न विचारतात: मोटर का जळते, इन्व्हर्टर का ओरडतो, सोलर पंप ढग आला की का रुसतो. ज्याला येतं तो उत्तर देतो. उत्तर पटलं की वाचणारे गुण देतात. पैसे कोणालाच मिळत नाहीत, ना विचारणाऱ्याला, ना सांगणाऱ्याला. चोपड्याच्या योगराज नावाच्या इंजिनियर मुलाने हे सुरू केलं. तो आता पुण्याला असतो आणि नोकरी सांभाळून हा उद्योग करतो. पुरेसे गुण साठले आणि लोकांनी मतं दिली की आपल्यासारख्या माणसाला तिथे मॉडरेटर होता येतं. मॉडरेटर म्हणजे भलता प्रश्न बंद करणारा, टाकाऊ उत्तर काढणारा, आणि कोणी फारच त्रास दिला तर त्याला काही दिवस गप्प बसवणारा. मी दोन वर्षांपासून मॉडरेटर आहे. (होतो. त्यावर येतोच.)

तू याला 'वर्गाचा मॉनिटर' म्हणतेस, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर आहे. तुला आठवत असेल, मी शाळेत मॉनिटर असताना फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहीत होतो आणि एकदा गुरुजींचंच लिहिलं होतं. तेव्हा मार खाल्ला म्हणून ती सवय दबली. खटक्यावर मार देणारं कोणी नव्हतं. मी तंत्रनिकेतनात विजेची प्रयोगशाळा सांभाळतो हे खरं, पण घरातला खाली पडलेला खटका साक्षीच वर करते, कारण मी आधी तो का पडला याचा अभ्यास करायला बसतो आणि तोवर फ्रिजमधलं दूध नासतं. अशा माणसाला घरात कोण विचारणार? तिकडे मात्र मी बोट टेकवलं की प्रश्न बंद. रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो की हातपाय धुवायच्या आधी मी दोनचार प्रश्न बंद करायचो. त्याशिवाय चहा गोड लागत नसे.

खटक्याचा नियम असा की प्रश्न मुद्द्याचा असावा. आता आपल्याकडचा माणूस मुद्द्यावर येण्याआधी घरी, शेतात आणि दवाखान्यात जाऊन येतो. चोपड्याकडचे एक निंबा आबा आहेत, केळीवाले. ते लिहीत: "राम राम भाऊ. बठ्ठा बरा शे ना? औंदा केळीले भाव नही. धाकली नात पास व्हयनी. मोटर गुरगुरस पन फिरत नही." मी त्यातलं शेवटचं मोटरचं वाक्य ठेवून खुशाली, केळीचा भाव आणि नात, सगळं कापायचो. मग आबा खाली आभार मानत. आभारही नियमात बसत नाहीत, म्हणून मी तेही कापायचो. मग ते विचारत, "भाऊ, मन्हं काही चुकनं का?" तेही कापायचो. हे मी तुला अभिमानाने सांगत नाही, पण तेव्हा अभिमानानेच केलं होतं.

आता खऱ्या भांडणाकडे येतो. गेल्या वर्षापासून लोकांनी नवीनच खोड सुरू केली. मोबाईलमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या यंत्राला प्रश्न विचारायचा, आणि ते जे लिहून देईल ते आपलं म्हणून खटक्यावर चिकटवून गुण मिळवायचे. एका शेतकऱ्याने विचारलं की विहिरीतली पाणबुडी मोटर वरचेवर का जळते. त्याला उत्तर आलं: "मोटर नेहमी कोरड्या व हवेशीर जागी ठेवावी." अक्का, विहिरीत! आणि त्या उत्तराला लोकांनी गुणही दिले होते, कारण भाषा फार छान होती. अशी उत्तरं काढलीच पाहिजेत असं आम्हा मॉडरेटर लोकांचं म्हणणं होतं. योगराजचं म्हणणं असं की चुकीचं असेल तर चुकीचं म्हणून काढा. पण 'हे यंत्राने लिहिलंय' असं नुसत्या वासावरून ठरवू नका, कारण पुरावा काय? यावर आमच्यात महिनाभर कडाक्याची चर्चा झाली. मी त्यात लिहिलं की पुराव्याची गरज इतरांना असते, मला वास येतो.

आणि मला खरोखरच येतो असं वाटत होतं. माझ्या कसोट्या ठरलेल्या होत्या. शुद्धलेखनाची एकही चूक नाही म्हणजे यंत्र. आकडे घालून मुद्दे मांडले म्हणजे यंत्र. समोरच्याशी विनाकारण नम्र म्हणजे तर शंभर टक्के यंत्र. या कसोट्या घेऊन मी गाळत सुटलो. तेवढ्यात 'एक सेवक' नावाचा एक सभासद माझ्या नजरेत आला. त्याचं उत्तर तुला नमुन्यादाखल देतो: "महोदय, आपल्या प्रश्नाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, (१) बॅटरीतील पाण्याची पातळी तपासावी; (२) जोडणीवरील पांढरा थर पुसून घ्यावा; (३) उपरोक्त उपाय करूनही दोष कायम राहिल्यास जाणकारास दाखवावे. कळावे." मी म्हटलं, सापडला! माणूस 'उपरोक्त' लिहीत नाही, आणि लिहिलंच तर बरोबर लिहीत नाही.

उत्तर चूक नव्हतं. फार मोठी विद्वत्ता होती असंही नाही, कोणीही सांगेल ते त्याने नीट सांगितलं होतं. पण मी त्याची सगळी उत्तरं काढली आणि त्याला पंधरा दिवस गप्प बसवलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: "आपण मनुष्य असल्याचे आढळून येत नाही." खाली सही, मॉडरेटर-३. (आमची खरी नावं तिथे दिसत नाहीत, नुसते क्रमांक दिसतात. ही सोय फार मोठी असते, अक्का.)

त्यावर त्याचं अपील आलं. ते मी जपून ठेवलं आहे. "उपरोक्त आदेशान्वये अर्जदार मनुष्य नसल्याचे नमूद आहे. या संदर्भात नम्र निवेदन की, अर्जदार जन्मापासून मनुष्य असून शासकीय सेवेच्या संपूर्ण कालावधीत याबाबत कोणताही आक्षेप घेण्यात आलेला नाही. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." मी ते साक्षीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसलो. साक्षी हसली नाही. ती म्हणाली, "हे वाचून मला कोणाची तरी आठवण येतेय." मला नाही आली. मी खाली लिहिलं, "अपीलही यंत्रलिखित. फेटाळले," आणि पंधरा दिवसांचा महिना केला.

तू विचारशील, तुला ओळखता कसं आलं नाही? अक्का, हेच मी रोज आंघोळ करताना स्वतःला विचारतो. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज दाजींनी लिहिला. माझ्या नोकरीचा अर्ज दाजींनी लिहिला. माझ्या लग्नाची पत्रिका दाजींनी तपासली, म्हणून तर तीत "उपरोक्त स्थळी भोजन" असं छापून आलं. सगळी हयात कचेरीत टिपणं लिहिण्यात गेलेला, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, हौसेने इन्व्हर्टर उघडून बसणारा, धुळ्यात राहणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. तरी मला वास आला तो यंत्राचा.

मग झालं असं की अशा बऱ्याच तक्रारी योगराजकडे गेल्या आणि त्याने एका सकाळी आमचा गप्प बसवण्याचा अधिकार काढून घेतला. आम्ही खवळलो. हा अपमान होता. आम्ही संप पुकारला. पत्रक मी लिहिलं. (शुद्धलेखनाच्या चुका मुद्दाम ठेवल्या, संशय नको म्हणून.) साक्षीला सांगितलं की आजपासून मी संपावर आहे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कॉलेजात?" म्हटलं, नाही, खटक्यावर. "तिथे पगार कुठे देतात?" म्हटलं, नाही देत. "मग संपात काय बंद पडणार?" म्हटलं, आमचं काम बंद पडणार. ती भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "म्हणजे तुम्ही संध्याकाळी मोकळे? मग दळण आणा."

मी संपाच्या पहिल्या दिवशी दळण आणलं. दुसऱ्या दिवशी माठ बदलला. तिसऱ्या दिवशी, खटक्याचा किती खोळंबा झाला आहे ते हळूच बघावं म्हणून चोरून डोकावलो. खोळंबा झालेला नव्हता. प्रश्न उलट वाढले होते. निंबा आबांनी पहिल्यांदाच नातीसकट अख्खा प्रश्न विचारला होता आणि खाली नातीच्या अभिनंदनाची रांग लागली होती. त्या रांगेतच कोणीतरी कपॅसिटर बदलायला सांगितलं होतं, आणि मोटर फिरली होती. ते वाचून मला जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही.

संपाचं पुढे काय करायचं ते ठरवायला आम्ही पारोळ्याला भेटायचं ठरवलं. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं म्हणून पारोळा. पाठिंबा सगळ्यांनी दिला होता, पण त्या दिवशी बहुतेकांच्या घरी नेमके पाहुणे आले. प्रत्यक्षात आम्ही तिघेच जमलो: मी, अमळनेरचा हितेंद्र, ज्याचं इन्व्हर्टरचं दुकान आहे, आणि तुमच्या धुळ्याची मोनाली, जी घरांवर सोलरची पॅनेल बसवून देते. किल्ल्याच्या बाजूला, एसटी थांबते तिथेच, झुलालभाऊंचं चहाचं हॉटेल आहे, तिथे बसलो. झुलालभाऊंनी कसली मीटिंग म्हणून विचारलं. हितेंद्रने संपाचं समजावून सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "पगारच नही, ते मंग संप कसाना?" अगदी साक्षीचंच वाक्य. मी तेव्हाच परतीची गाडी धरायला हवी होती.

मोनाली कमी बोलते, पण बोलते ते सरळ. ती म्हणाली, "सर, यंत्राची उत्तरं नकोत, हे माझंही म्हणणं आहे. पण एका सभासदाने मला लिहिलंय की तो माणूस आहे आणि समोर येऊन दाखवायला तयार आहे. मी त्यांना आज इथे बोलावलंय. आपण चुकून कोणाला मारलं असेल तर आधी ते बघू, मग योगराजशी भांडू." मी म्हटलं, जरूर येऊ दे. मी असंही म्हटलं की येणार नाही, कारण यंत्राला एसटी पकडता येत नाही. हितेंद्र हसला. त्याच्या हसण्याने मला जोर आला.

तेवढ्यात धुळ्याची गाडी आली आणि तीतून दाजी उतरले.

तुला काय सांगू, अक्का? इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत प्लास्टिकची फाईल. पायरीवर ते गुडघ्यावर हात दाबून क्षणभर थांबले. मला वाटलं पारोळ्यात कोणाच्या तरी कामाला आले असतील. मी उठून उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की तो मला अजून दिसतो. "अरे प्रशील! बरं झालं तू आहेस." मग मोनालीकडे वळून म्हणाले, "ताई, मीच एक सेवक. हा माझा मेहुणा. आता पुराव्याची गरजच नाही. मी माणूस आहे की नाही, हे हाच सांगेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी किल्ल्याकडे बघायला लागलो.

दाजींना वाटलं असावं की मेहुण्याला भिडेत टाकणं बरोबर नाही. त्यांनी फाईल उघडली. त्यात पेन्शनसाठी देतात तो हयातीचा दाखला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. तो त्यांनी टेबलावर चहाचे डाग चुकवून ठेवला आणि म्हणाले, "अर्जदार हयात असल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आहे. मनुष्य असल्याबाबत वेगळा देत नाहीत. मी चौकशी केली."

इथे कोणीही शहाणा माणूस त्यांच्या पाया पडला असता. मी दाखला हातात घेतला. का घेतला ते मला आजतागायत कळलेलं नाही. कागद समोर आला की मी तपासतो, एवढंच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा नोव्हेंबरचा आहे. यावरून अर्जदार नोव्हेंबरात हयात होता, एवढंच सिद्ध होतं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मॉडरेटर-तीन तूच का रे?"

मी दाखल्यावरची तारीख पुन्हा वाचायला लागलो. झुलालभाऊ पलीकडून ओरडले, "ओ भाऊ, मानूस शे हाऊ! चहा पी ऱ्हायना ना!" कोणी हसलं नाही. दाजींनी दाखला माझ्या हातातून घेतला, पिशवीत घातला, पिशवी फाईलमध्ये घातली. म्हणाले, "हरकत बरोबर आहे. नोव्हेंबरचाच आहे." मग उरलेला चहा संपवला, साक्षी कशी आहे ते विचारलं, आंब्याची पेटी पोचली का ते विचारलं, आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले. मी खिडकीपाशी गेलो. ते म्हणाले, "उन्हात उभा राहू नकोस." गाडी सुटली.

गाडी गेल्यावर मोनालीने मला जे सांगितलं ते तुला ठाऊक असेलही. मी मॉडरेटर आहे हे दाजींना पहिल्यापासून माहीत होतं, फक्त कितवा ते माहीत नव्हतं. म्हणूनच त्यांनी स्वतःचं नाव लावलं नाही. मेहुण्याच्या वशिल्याने गुण मिळाले असं कोणी म्हणू नये, आणि माझ्यावर पक्षपाताचा आळ येऊ नये, म्हणून. त्यांनी मला सांभाळलं आणि मी त्यांना यंत्र ठरवलं. मी जळगावपर्यंत गाडीत उभ्याने आलो. जागा होती, पण बसावंसं वाटलं नाही.

संप तिथेच संपला. मोनालीने दाजींचा महिना त्याच दिवशी रद्द केला आणि त्यांची उत्तरं परत लावली. नवा नियमही झाला: कोणावर संशय आला तर आधी त्याच्याशी चार शब्द बोलायचे, मग काय ते ठरवायचं. योगराजने तो मान्य केला आणि गप्प बसवण्याचा अधिकार परत दिला. इतका साधा नियम करायला आम्हाला एक महिन्याची चर्चा, एक संप आणि तुझा नवरा खर्ची घालावा लागला.

मग तुझा फोन आला. तू म्हणालीस, "मी ज्याच्याबरोबर जन्म काढला तो माणूस आहे की नाही, ते आता तू ठरवणार?" आणि पुढे जे म्हणालीस ते माझ्या जास्त जिव्हारी लागलं: दाजी सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, कचेरीत बसावं तसे लॅपटॉपसमोर बसायचे, आता लॅपटॉपवर टॉवेल टाकून ठेवला आहे आणि ते गॅलरीत बसून रस्त्याकडे बघत असतात. अक्का, तू फोन ठेवल्यावर मी तसाच उभा होतो. साक्षीने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, रेंज गेली.

मी माफी मागायची ठरवली. चारचौघांत अपमान केला म्हणून माफीही खटक्यावर, सगळ्यांसमोर मागायची. लिहायला बसलो. "दाजी" एवढं लिहिलं की पुढचं सुचेना. अभियांत्रिकीचा अहवाल असता तर झरझर लिहिला असता. शेवटी (आता बसून घे, अक्का, बसली असशील तर उठू नको) मी त्या यंत्राला सांगितलं की मेहुण्याने बहिणीच्या नवऱ्याची माफी मागणारं चांगलंसं लिहून दे. त्याने दिलं. फार सुंदर होतं. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यामुळे असेल, शेवटची ओळ मला दिसली नाही आणि मी ते तसंच्या तसं लावून टाकलं. ती ओळ अशी होती: "हा माफीनामा आणखी भावनिक करून हवा असल्यास जरूर कळवा."

अख्ख्या खानदेशाने ते वाचलं. निंबा आबांनी विचारलं, "भाऊ, बठ्ठा बरा शे ना?" मोनालीने नव्या नियमाप्रमाणे मला आधी फोन केला, चार शब्द बोलली (चारच होते), आणि मला पंधरा दिवस गप्प बसवलं. मॉडरेटरपदही गेलं. कारणाच्या रकान्यात माझंच जुनं वाक्य घातलं. आणि दाजींनी, ज्यांनी टॉवेल फक्त तेवढ्यापुरता काढला असावा, खाली एक ओळ लिहिली: "सदर माफीनामा मूळ प्रतीत सादर व्हावा."

तर अक्का, ही मूळ प्रत आहे. हे पत्र निळ्या पेनाने, माझ्या हाताने लिहिलं आहे. खाडाखोड माझी आहे, डाग आमरसाचा आहे. दाजींना वाचून दाखव, किंवा नुसतं त्यांच्या हातात दे. ते शुद्धलेखन तपासतील, तेवढं त्यांचं मन रमेल.

दाजी, मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. मुद्दे घालून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुम्ही पारोळ्याला उतरलात आणि मला बघून तुम्हाला बरं वाटलं. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की हे माझे दाजी आहेत. ते मी म्हटलं नाही. यंत्राची उत्तरं काढली पाहिजेत हे माझं मत अजून आहे, त्यात मी बदल करणार नाही. पण माणूस ओळखायचं काम मला कोणी देऊ नये हे मला कळलं आहे. चुकलो. मला माफ करा.

बाकी काही लिहिण्यासारखं नाही. तुझ्या घरात जे माझ्याशी बोलत असतील त्यांना जय भीम सांग, आणि जे बोलत नसतील त्यांनाही सांग, ऐकून तरी घेतील.

तुझा,
प्रशील

ता. क. दाजींना म्हणावं, टॉवेल काढा. पारोळ्याच्या एका बाईंनी विचारलंय की इन्व्हर्टर पंख्यासाठी चालतो आणि टीव्ही लावला की बंद पडतो. तीन दिवस झाले, कोणी उत्तर दिलेलं नाही. मला येतं आहे, पण मला बोलता येत नाही.

ता. क. २. एक लहानशी गोष्ट सांगायची राहिली. माझे पंधरा दिवस येत्या गुरुवारी संपतात आणि शुक्रवारी मॉडरेटरच्या रिकाम्या जागेसाठी अर्ज घेणार आहेत. माझ्या कानावर आलं की मोनाली दाजींना उभं करते आहे. अक्का, तू त्यांना समजावून सांगशील का, की हे काम बैठं असतं आणि त्यांच्या गुडघ्याला बैठं काम चांगलं नाही? शिवाय त्यात नाही नाही ते ऐकून घ्यावं लागतं. त्यांनी निवांत उत्तरं लिहावीत, ही कटकट मीच पुन्हा अंगावर घेतो. माझा यात काही स्वार्थ नाही. मला फक्त अनुभव आहे. पौर्णिमेला खीर खायला आलो तर बोलूच.

ता. क. ३. (हे साक्षी लिहिते आहे.) अक्का, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. दाजींना उद्देशून लिहिलंय ते खरं आहे, हे ते लिहिताना मी बघत होते. तीन कागद फाडले. दुसरी ता. क. लिहिताना एकही फाडला नाही. दाजींचा अर्ज भरून तयार आहे, शुक्रवारी उघडलं की लगेच जाईल. त्यावर सूचक मोनाली आहे आणि अनुमोदक मी आहे. यांना अजून सांगितलेलं नाही. पौर्णिमेला आम्ही दोघं येतोय, तेव्हा दाजींनीच सांगावं, जसं लिहितात तसं, आकडे घालून. पाकीट मी चिकटवते आहे.